अर्ध्या माणसाची जागा

टॅनर्स यार्ड, बर्मंडसी, लंडन
सोमवार, २ मार्च १९३६

एल्सी,

खालची सही बघून पत्र चुलीत टाकशील, म्हणून वरच सांगून टाकते. मी आहे. आई.

तुझा पत्ता समोरच्या घरातल्या टिडमार्शबाईंच्या भाचीने दिला. तिने तुला लेस्टरच्या बाजारात बघितलं म्हणे, मोज्यांच्या गिरणीतल्या बायकांबरोबर. "बरी दिसत होती," एवढंच म्हणाली. बरोबर आणखी कोणी होतं का, हे मी विचारलं नाही. विचारायचं होतं, पण टिडमार्शबाई समोरच चहा पीत बसल्या होत्या आणि त्यांचे कान तुला माहीतच आहेत.

सव्वापाच वर्षांनी लिहायचं तर कारण हवं, म्हणून कारण सांगते. आपली गल्ली पाडणार आहेत. खरंच पाडणार, या वेळी नुसती अफवा नाही. नगरपालिकेची माणसं नोटीस दाराला लावून गेली. नदीकडच्या बाजूला नव्या विटांच्या पाच मजली इमारती उभ्या राहिल्यात, तिथे आपल्याला घरं देणार. घरात नळ, घरात संडास, आणि ऐकलं तर हसशील, आंघोळीचा टब. सिड म्हणतो, टबात लोक कोळसा ठेवणार. तुझा भाऊ तसाच आहे. सगळ्या चांगल्या गोष्टींवर आधी थुंकायचं आणि मग ती घ्यायची.

आम्ही सहा जण आहोत. मी, सिड आणि लिली, त्यांची डॉली आता नऊ वर्षांची आहे, रॉनी सहाचा, आणि एक नवीन जॉर्जी, आठ महिन्यांचा, दात येताहेत. खोल्या त्याच दोन. बाबा गेले तुला माहीत असेल. तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत. छातीनेच.

बाकी ठीक. उत्तर द्यावंसं वाटलं तर दे.

आई


शनिवार, २१ मार्च

एल्सी,

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्रही परत आलं नाही. म्हणजे कोणीतरी ते घेतलं. एवढ्यावर मी पुढचं लिहिते.

मंगळवारी पिमसाहेब आले. नगरपालिकेने पाठवलेला माणूस. बारीक अंगाचा, चष्मा, हातात मोजायची फीत. घरात शिरताना टोपी काढली, हे मला आवडलं. आपल्या गल्लीत टोपी काढून शिरणारा सरकारी माणूस मी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी दोन्ही खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, भिंतीच्या कागदामागे नखाने खरवडून बघितलं. मी लगेच म्हटलं, "आमच्याकडे ढेकूण नाहीत."

"कोणाकडेच नाहीत, बाई," ते म्हणाले. "बत्तीस घरं बघितली, एकाही घरात नाही. ते रस्त्यावर राहत असावेत."

मला हसू आलं. मग ते माणसं मोजायला बसले. त्यांचं मोजणं ऐक. मोठं माणूस म्हणजे एक. दहा वर्षांच्या आतलं मूल म्हणजे अर्धं. आणि वर्ष न झालेलं बाळ म्हणजे काहीच नाही. लिली म्हणाली, "काहीच नाही? या काहीच नाहीने मला तीन आठवडे झोपू दिलं नाही!" पिमसाहेब म्हणाले, कायदा त्यांनी केला नाही, त्यांच्या घरी जुळी आहेत.

तर आम्ही सहा जण म्हणजे चार. दोन खोल्यांत तीनच चालतात. त्यांनी पेन्सिल उचलली आणि विचारलं, "आणखी कोणी?"

आणि मी म्हणाले, "हो. माझी मुलगी एल्सी. आणि तिचं मूल."

लिलीने माझ्याकडे असं बघितलं की जॉर्जी तिच्या हातून सुटतो की काय. मी पुढे बोलतच राहिले. तू कामावर गेली आहेस म्हणाले. मूल पाच वर्षांचं म्हणाले.

"म्हणजे अर्धं," पिमसाहेब म्हणाले. "मुलगा की मुलगी?"

एल्सी, मला काय माहीत?

मी म्हणाले, "मुलगा." आणि लिली त्याच क्षणी म्हणाली, "मुलगी." पिमसाहेबांनी चष्म्यावरून आम्हा दोघींकडे बघितलं. मी म्हणाले, लिलीला झोप नाही, ती काहीही बोलते. नाव विचारलं तर आर्थर सांगितलं. बाबांचं. दुसरं सुचलं नाही.

ते पुन्हा येणार आहेत, एप्रिलच्या मध्यावर, सकाळी, सगळे कामावर जायच्या आधी. यादीतलं प्रत्येक माणूस त्यांना बघायचं आहे. तुझी दीड माणसं धरली तर आपल्याला चार खोल्यांचं घर मिळतं, नाही धरली तर तीन. सिडला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "खोटी माहिती दिली म्हणून तीनचंही घालवशील." तो घाबरला की ओरडतो, हे तुला माहीत आहे.

मी तुला ये म्हणत नाही. एक सकाळ आलीस तर बरं होईल, एवढंच. आणि तेही जमत नसेल तर निदान एक ओळ लिही. मुलगा की मुलगी.

आई


शनिवार, १८ एप्रिल

एल्सी,

बुधवारी आले ते.

मी तयारी केली होती. खिडकीजवळची खाट, जिथे मी आणि डॉली झोपतो, तिच्या पायथ्याशी दुसरी गादी घातली. टिडमार्शबाईंच्या नातवाची टोपी मागून आणून खिळ्याला टांगली, त्याचेच बूट खाटेखाली ठेवले. तुझी म्हणून लिलीची दुसरी शाल. दोन्ही पोरांना पढवून ठेवलं होतं: आत्या आणि आर्थर आत्ताच बाहेर पडले. रॉनीने तर दहा वेळा म्हणून दाखवलं. डॉली नुसती मान हलवत होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पिमसाहेबांनी गादी बघितली. टोपी बघितली. मग वाकून बूट उचलला, उलटा करून तळ बघितला आणि डॉलीला अगदी गोड आवाजात विचारलं, "आर्थर कुठे झोपतो गं?"

डॉली म्हणाली, "चर्चमागे. दगडावर नाव आहे, मला वाचता येतं."

लिलीने तोंडात एप्रनचा बोळा कोंबला. रॉनीने मध्येच आपलं पाठ केलेलं म्हणून टाकलं, आत्या आणि आर्थर आत्ताच बाहेर पडले. मी त्या गादीवर बसले. पिमसाहेब बूट हातात धरून उभे होते. म्हणाले, "पाच वर्षांच्या पोराचे पाय फारच मोठे आहेत, गॅमनबाई."

मग मी सांगितलं. सगळं नाही. एवढंच की मुलगी आहे, मूलही आहे, पण ती इथे राहत नाहीत, आणि मूल मी बघितलेलं नाही.

सिड दारात उभा होता, पांढराफटक. वाटलं, आता नोटीस, आता रस्ता. पिमसाहेबांनी यादी मांडीवर घेतली आणि पट्टी लावून तुझ्या नावावर रेघ मारली. मग खालच्या नावावर. मग म्हणाले, "बाई, मी घरात झोपणारी माणसं मोजतो. घरात झोपायला हवी होती ती माणसं लिहायला माझ्या कागदावर रकाना नाही."

वरिष्ठांना काही कळवलं नाही त्यांनी. बूट जागेवर ठेवला, टोपी घेतली, गेले. तीन खोल्यांचं घर सिडच्या नावावर पक्कं झालं.

तुझ्या नावावर रेघ मारताना मी बघत होते. पहिली रेघ त्यांची नव्हती, हे मला ठाऊक आहे.

आई


हॉपच्या मळ्यावरून, केंट
रविवार, १३ सप्टेंबर

एल्सी,

तुला बर्मंडसीचा पत्ता बघायची सवय झाली असेल, म्हणून वर मळा लिहिलाय. दरवर्षीसारखे बिअरसाठी लागणारी हॉपची फुलं तोडायला आलोय. हात काळे झालेत, पावाला कडू चव लागते. आज सुट्टी. सगळे ओढ्यावर गेलेत आणि मी पत्र्याच्या झोपडीत पेंढ्याच्या गादीवर बसून लिहिते आहे. या झोपडीत आम्ही नऊ जण झोपतो. सहा आम्ही, टिडमार्शबाई आणि त्यांच्या दोन पोरी. मध्ये पडदा म्हणून पोतं. पंचवीस वर्षं येतेय, तूही अकरा वेळा आलीस, आणि इथे कधी कोणी म्हणालं नाही की जागा नाही. एक माणूस आलं की बाकीचे कुशीवर वळतात.

हे बघितल्यावर मला आता ते लिहायलाच हवं. पिमसाहेबांना नाही सांगितलं ते.

मी इतकी वर्षं स्वतःला असं सांगत आले की तू आलीस तेव्हा घर भरलेलं होतं. ते खरंच होतं. बाबा आजारी, सिड-लिलीचा संसार, डॉली लहान, रॉनी मांडीवर. फीत लावली असती तरी मीच खरी ठरले असते. पण तुला ठाऊक आहे आणि मलाही, की मी पहिल्यांदा जागेचं बोललेच नव्हते.

शनिवार होता. मी नुकतीच पायरी घासून उठत होते. गुडघ्याखाली पोतं, बादली, पायरी पांढरी करायचा दगड. आपल्या गल्लीत बाई कशी आहे हे तिच्या दाराच्या पायरीवरून ठरतं, आत काय चाललंय ते कोणी विचारत नाही. समोर टिडमार्शबाई त्यांची पायरी घासत होत्या. तू कोपऱ्यावरून आलीस, हातात शालीचं गाठोडं. टिडमार्शबाईंचा हात थांबला. तू पाय उचललास आणि मी म्हणाले, "पायरी ओली आहे."

आणि तू पाय मागे घेतलास. लहानपणापासूनची सवय. चार वर्षांची असल्यापासून तुम्हा दोघांना शिकवलेलं, ओल्या पांढऱ्या पायरीवर पाऊल उमटवायचं नाही. तू तिथेच उभी राहिलीस, पायरी वाळायची वाट बघत. थंडी होती. पायरी वाळायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मी सगळ्या गल्लीचा विचार केला. कोण काय म्हणेल, चर्चमध्ये कोण बाजूला सरकेल, लिलीच्या आईला काय सांगू. तुझा विचार मात्र केला नाही. पायरी कोरडी झाली तेव्हा मी म्हणाले, "जागा नाही, एल्सी. बघतेस ना किती जण आहोत."

तू म्हणालीस, "दिसतंय." आणि गेलीस.

शाल बाजूला करून मी तोंडसुद्धा बघितलं नाही. हात ओले आहेत, असं मनाशी म्हणाले. पुसायला अंगावर एप्रन होता.

बाबांनी आतून विचारलं, "कोण होतं?" मी म्हणाले, "बुटाच्या नाड्या विकणारा." ते म्हणाले, "नाड्या विकणाऱ्याचं मूल रडत होतं." मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, पण झोपायची जागा बदलली. आधी खाटेच्या मध्ये हातपाय पसरून झोपायचे, मला काठावर ठेवायचे. त्या दिवसापासून अगदी भिंतीला चिकटून झोपायला लागले. खोकल्याने बेजार, भिंत ओलसर, तरी तिथेच. मी ओरडायचे, इकडे सरका. तर म्हणायचे, "बघ ना हेटी, केवढी जागा आहे." रोज. दोन वर्षं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. टिडमार्शबाईंना अर्धं माहीत आहे, कारण त्यांनी बघितलं. गेल्या आठवड्यात फुलं तोडता तोडता त्या अचानक म्हणाल्या, "हेटी, त्या दिवशी मी समोर नसते तर?" मी म्हणाले, "तुम्ही नसता तर मी दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतलं असतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी आपल्या टोपलीतली दोन ओंजळी फुलं माझ्या टोपलीत टाकली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

आणखी एक. मी सिडच्या घरात जाणार नाही. तीन खोल्यांत पाच माणसं चालतात, मी गेले की त्यांची साडेचार होतात, वर तुझी दीड बसत नाहीत. जॉर्जी आता अर्धा झाला ना. म्हणून निघायच्या आधी मी पिमसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, मला वेगळं द्या. ते म्हणाले, खालच्या मजल्यावर दोन छोट्या खोल्या आहेत, बाबागाड्या ठेवायच्या खोलीला लागून, आवाज होतो म्हणून कोणी घेत नाही. मी म्हणाले, "आवाज असलेल्याच हव्यात." भाड्याचं मी बघीन. ऑफिसांचे जिने घासायचं काम अजून सुटलेलं नाही. डॉली रडली. माझ्याजवळ झोपायची तिला सवय. मीही रडले, पण तिच्यासमोर नाही.

माफ कर असं लिहायला बसले होते. तो शब्द लिहिला की तुला उत्तर द्यावं लागेल, म्हणून लिहीत नाही. तुला द्यायचं नसेल तर देऊ नकोस.

आई


४, विलो हाउस, बर्मंडसी
शनिवार, १० ऑक्टोबर

एल्सी,

नवा पत्ता वर आहे. नीट उतरवून घे.

मंगळवारी हललो. आधी ढेकणांची गाडी आली. सगळ्यांचं सामान त्या बंद गाडीत घालतात, आत विषारी धूर सोडतात, मग नव्या घरी आणून देतात. गाद्या वेगळ्या वाफेला. टिडमार्शबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्याकडे एकही नाही हो, पण सगळे देताहेत तर मी कशाला वेगळी पडू!" त्यांची आरामखुर्ची उचलली तेव्हा गाडीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. आमची खाटही गेली. बाबा ज्या बाजूला झोपायचे तिथल्या लाकडाला त्यांच्या पाठीची चकाकी आहे. ती धुराने गेली नाही, मी आल्यावर पहिल्यांदा तेच बघितलं.

निघायच्या आधी बायका काय करत होत्या सांगू? पायऱ्या घासत होत्या. दोन दिवसांनी पाडणार ती घरं, आणि गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी. लिलीनेही घासली. मी घासली नाही. मी दगड बादलीत टाकला आणि बादली तिथेच ठेवून आले. सिड म्हणाला, "आई, तुला बरं नाही का?" मी म्हणाले, "मला फार बरं आहे."

इथे नळ सोडला की पाणी येतं. अजून उगाचच सोडून बघते. सिडने टबात खरोखर कोळसा ठेवला, लिलीने तो दोन तासांत बाहेर काढला. सगळे वर तिसऱ्या मजल्यावर, डॉली दिवसातून चार वेळा खाली येते. घर रिकामं रिकामं वाटतं. माझ्या बोलण्याचा मलाच आवाज येतो.

माझ्या दाराला पायरी नाही, एल्सी. अंगणातून सरळ आत.

आई


शनिवार, २४ ऑक्टोबर

एल्सी,

कार्ड मिळालं.

पोस्टमन म्हणाला, "लेस्टरहून आहे, बाई." मी म्हणाले, "मला वाचता येतं." आणि मग वाचता येईना. डॉलीला हाक मारली. तिने दारातच मोठ्याने वाचलं, सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असेल, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही:

"मुलगी आहे. गेल्या रविवारी सहा वर्षांची झाली. जागा आहे का?"

एवढंच. ना प्रिय, ना सही. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच उजवीकडे झुकतं.

मुलगी! आणि मी सरकारी कागदावर आर्थर लिहून बसले होते. लिली आठ दिवस मला ऐकवणार. तिचं नाव तू लिहिलं नाहीस. ते मी तिलाच विचारीन, तिने सांगितलं तर.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी मनाने देत नाही. माझ्या तोंडच्या मापावर तू भरवसा का ठेवावास? म्हणून काल पिमसाहेबांना गाठलं आणि त्यांच्याकडून विचारून घेतलं. त्यांनी कागद काढला, पेन्सिल काढली. म्हणाले, ती दोघं राहायला आली की त्या दिवशी मला कळवा, या वेळी रेघ मारणार नाही.

हिशेब असा आहे. दोन खोल्या, तीन माणसं चालतात. मी एक. तू एक. ती अर्धी. अडीच झाले. अर्ध्या माणसाची जागा उरते, एल्सी. ती बाबांची समज. ते तसेही भिंतीला चिकटूनच झोपायचे.

तुझी आई